आजोबांसारखा घोरतो

जुलैतला सोमवार म्हणजे लालबागच्या माझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. बाहेर धो धो पाऊस, आत सर्दी-ताप-जुलाबाची रांग. त्या दिवशी पहिल्या नंबरला आलेले बाबा रात्रभर जागे होते, हे चेहऱ्यावरूनच कळत होतं. बाळ तीन आठवड्यांचं, पूर्ण दिवसांचं. त्यांनी मोबाइलवर वेळ लावून मोजलं होतं: श्वास सहा-सात सेकंद थांबतो, मग भराभर चालतो, मग पुन्हा थांबतो. "मॅडम, एकदा तर आठ सेकंद!"

बाळाचे कपडे काढून पाहिलं. रंग गुलाबी, अंगात जोर, दूध पोटभर. एवढ्याशा बाळांच्या मेंदूत श्वासाची लय अजून बसलेली नसते, त्यामुळे दहा सेकंदांच्या आतले असे थांबे झोपेत दिसतात आणि सहा महिन्यांपर्यंत बहुधा जातात. थांबा वीस सेकंदांवर गेला, किंवा छोट्या थांब्यातही ओठ निळे पडले, अंग ढिलं पडलं, तर मात्र तळव्यावर टिचक्या मारून जागं करायचं आणि तडक रुग्णालय गाठायचं. बाळाला गदागदा हलवायचं नाही. बाबांना पायात घालायचं, ऑक्सिजन आणि नाडी मोजणारं यंत्र ऑनलाइन मागवायचं होतं. मी म्हटलं, पैसे ठेवा. त्यापेक्षा बाळाला उताणं झोपवा, गादी घट्ट ठेवा आणि ती मोहरीची उशी काढून टाका. ते गेले, पण पूर्ण पटलं नव्हतं.

दुपार होता होता एक आजी, सून आणि नातू आले. नातू तीन महिन्यांचा, आला होता लसीसाठी. आजी कौतुकानं सांगत होत्या, "अहो, काय घोरतो! आजोबांवर गेलाय अगदी. भिंतीपलीकडच्या खोलीत ऐकू येतं." आई गप्प होती. मी वजनाचा कागद पाहिला. या वयात महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वाढ हवी, इथे जेमतेम पाव किलो. दूध पिताना दमतो का? "दर दोन घोटांनी सोडतो, घाम येतो," आई हळूच म्हणाली. आजींचं मत, दूध अंगी लागत नाही, दृष्ट काढायला हवी.

आईकडे रात्रीचा व्हिडिओ होता. तो आजोबांना गंमत म्हणून पाठवायला काढलेला, त्यामुळे सगळा रोख चेहऱ्यावर. नशिबानं झबलं वर सरकलेलं होतं. आवाज येत होता तो श्वास आत घेताना, चिरका. आजोबांच्या घोरण्यासारखा तर मुळीच नाही. मग तो एकदम बंद झाला. मागून आजींचा आवाज: "बघ, लागली हो गाढ झोप."

मी व्हिडिओ तिथे थांबवून पुन्हा लावला, आवाज बंद करून. पोट वर येत होतं आणि त्याच वेळी छाती आत जात होती. बरगड्यांच्या खाली आणि गळ्याच्या खळगीत खड्डा पडत होता. श्वास घ्यायची धडपड पूर्ण चालू होती, फक्त हवा जात नव्हती. मग अंग ताठलं, डोकं मागे गेलं, आणि चिरका आवाज परत सुरू.

सकाळच्या बाळाच्या थांब्यात छातीही स्वस्थ होती. इथे छाती झगडत होती. मी पालकांना म्हणूनच सांगते, व्हिडिओ उघड्या छातीचा काढा, बेंबीपर्यंत, उजेडात आणि चांगला मिनिटभर.

लस बाजूला ठेवली. आईला तिथेच पाजायला लावलं आणि झोपल्यावर पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, लहान मुलांचा प्रोब लावला. (करोनात घेतलेलं बोटाचं यंत्र आजींच्या पिशवीत होतं, ते मोठ्यांच्या बोटासाठी असतं, बाळावर त्याचा आकडा धरता येत नाही.) जागेपणी ९७, झोपेत ८४. आजींनी आकडा पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

त्याच संध्याकाळी त्यांना मुलांच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, ऑक्सिजन असलेल्या रुग्णवाहिकेतून. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं: स्वरयंत्राच्या वरचा भाग लिबलिबीत, प्रत्येक श्वासाला आत ओढला जाऊन वाट बंद करणारा. लॅरिंगोमलेशिया. बाळांच्या अशा चिरक्या आवाजाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि बहुतेकांत ते दीड-दोन वर्षांत आपोआप बरं होतं. पण वजन खुंटलं, ऑक्सिजन पडू लागला, की वाट बघत बसता येत नाही. याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. तोंडातून आत जाऊन वरचे ओढले जाणारे पडदे थोडे मोकळे केले.

महिन्याभरानं ते राहिलेल्या लसीसाठी आले. वजन चांगलं वाढलं होतं. आवाज थोडा होता, पण खड्डे पडत नव्हते. दूध एका दमात पीत होता.

धुरी बंद, नाकात तेल बंद, हे आजींनी बिनतक्रार ऐकलं. झोळीवर मात्र अडून बसल्या. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि वाट आणखी अरुंद होते, हे मी माझ्या मानेनं करून दाखवलं. त्यांनी स्वतःही हनुवटी खाली घालून श्वास घेऊन पाहिला. "झोळीची दोरी सोडते," म्हणाल्या, "पण कडी छताला राहू दे. पुढच्याला लागेल." सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे फिरवले.