वर उजेड, खाली धडधड

काल कोल्हापुरात टाऊन हॉलच्या बागेत बसलेलो, वास्तुकार चार्ल्स मँटची ती १८७०च्या दशकातली टोकदार छपरं बघत, आणि डोक्यात आलं की त्याच काळात इंग्लंडात पेपरची ऑफिसं कशी बांधत असतील, मग काय, रात्री तेच वाचत बसलो. रस्त्याकडचं तोंड एकदम राजवाडा, कोरीव दगड न् घड्याळ, आणि मागं सरळ कारखाना! 'द टाइम्स'नं १८१४ लाच वाफेवर पेपर छापलेला, पण असली अवजड मशीनं वरच्या मजल्यावर कोण ठेवणार, म्हणून बऱ्याच ठिकाणी तळघरात. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणारे कंपोझिटर मात्र सगळ्यात वर, छपराला काचा. आमचे मामा इथंच एका प्रेसात कंपोझिटर होते, त्यांची खिळ्यांची केस, म्हणजे खणांची पेटी, जिन्याखाली, चाळीसचा पिवळा बल्ब, 'घ' न् 'ध' सारखेच दिसायचे म्हणे. त्यांना ते काचेचं छप्पर दाखवायला पाहिजे होतं राव.