पोलो जीटीची नोंदवही : आधी टायर, मग स्प्रिंग

ओडोमीटर ६१,८०० कि.मी.

मागच्या नोंदीत ब्रेक पॅड आणि स्पार्क प्लग यांचा विषय संपवताना पुढची नोंद गाडी थोडी खाली उतरवणाऱ्या कडक स्प्रिंगची असेल असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात मात्र ती टायरपासून सुरू करावी लागते आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी २०१६ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. रोजचा रस्ता पिंपळे सौदागर ते चाकण आणि परत, म्हणजे ज्या औद्योगिक पट्ट्यात ही गाडी तयार झाली तिथेच ती रोज खड्डे मोजायला जाते. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे ताम्हिणी. तेव्हा जे काही बदलायचे ते या दोन्ही रस्त्यांना मानवले पाहिजे. प्रदर्शनात उभी करण्यासाठी ही गाडी नाही.

जुन्या टायरची नक्षी आता अडीच मिलिमीटरवर आली आहे. खाचेतली झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, म्हणून कागदोपत्री हे टायर अजून चालतील. पण जुलैत ताम्हिणीच्या उतारावर साचलेल्या पाण्यातून जाताना स्टिअरिंग क्षणभर हलके झाले, आणि त्यानंतर त्या कागदावर माझा विश्वास उरला नाही. शिवाय स्प्रिंग आधी टाकली असती तर तिची पारख या झिजलेल्या रबरावर करावी लागली असती. टायरची साइडवॉल, म्हणजे रिम आणि रस्ता यांमधली रबरी भिंत, हीदेखील एक स्प्रिंगच असते आणि ती लोखंडी स्प्रिंगच्या खालोखाल, एकाच रांगेत काम करते. दोन्ही एकाच दिवशी बदलल्या तर कोणत्या बदलाने काय साधले हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या नोंदींत ‘गाडी रुळावर धावल्यासारखी वाटते’ असे वाक्य असते, आणि त्यात टायरचा वाटा किती व स्प्रिंगचा किती हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मापाचा हिशेब सोपा आहे, पण तो करूनच दुकानात जावे. मूळचे माप १८५/६० आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉल रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची), म्हणजे रिमचे ३८१ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंच्या साइडवॉलचे १११ अधिक १११, एकूण व्यास ६०३. १९५/६० आर १५ घेतला तर हाच व्यास ६१५ होतो, म्हणजे दोन टक्के वाढ. २०५/५५ आर १५ जवळजवळ मूळ व्यासावर, ६०६ वर येतो. परंतु त्या मापात निवड फारच तोकडी आहे आणि एखादा टायर फुटला तर जोडीचा मिळेपर्यंत गाडी दारात उभी राहील. नंतरच्या वर्षांत कंपनीने वरच्या श्रेणीच्या पोलोंना १९५/५५ आर १६ दिले. त्यांचा व्यास ६२१, म्हणजे चाकाच्या कमानीत तेवढी जागा कंपनीनेच मान्य केलेली आहे. मात्र १६ इंची अलॉय घेतले की साइडवॉल १०७ वर येते, तर १९५/६० मध्ये ती ११७ राहते. हे दहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण चाकणच्या चौकात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याची कड चाकाला लागते तेव्हा रिम वाचते की वाकते हे त्या दहा मिलिमीटरवर ठरते. पुढे स्प्रिंग कडक होणार हे ठरलेलेच होते, म्हणून टायरमध्ये मऊपणा राखून ठेवला आणि १९५/६० आर १५ नक्की केले. १६ इंची अलॉय जास्त देखणे दिसतात, हे मनापासून मान्य आहे.

ओडोमीटर ६२,१५० कि.मी.

निवड मिशेलिन प्रायमसी ४ एसटीवर येऊन थांबली. हा टायर टूरिंग जातीचा आहे, स्पोर्ट जातीचा नव्हे, यावरून मला टोमणे बसतील याची कल्पना आहे. खरोखरीचे स्पोर्ट टायर १५ इंचात शोधणे हा स्वतंत्र छंद आहे आणि तो मला परवडणारा नाही. त्याहून महत्त्वाचे असे की वर्षाचे चार महिने माझा घाट ओला असतो, आणि कोरड्या वळणावरच्या शेवटच्या पाच टक्क्यांपेक्षा ओल्या उतारावरचा ब्रेक मला मोलाचा वाटतो. मूळच्या टायरचा भारांक ८४, म्हणजे एका टायरला ५०० किलो. नव्याचा ८८, म्हणजे ५६० किलो. भारांक मूळच्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही, हा नियम मी डोळे झाकून पाळतो.

दुकानात एक किस्सा झाला. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. बाहेर मांडलेल्या दोन टायरांवर अगदी ताजी तारीख होती. आतून आणलेल्या दोघांवर ती दिसेना, कारण पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी भिंतीकडे करून ठेवलेली होती. उकिडवे बसून, मोबाइलचा उजेड पाडून वाचले तेव्हा ते दोन्ही सव्वा वर्षापूर्वीचे निघाले. नीट साठवलेला टायर सव्वा वर्षात खराब होत नाही, पण एका गाडीला दोन वयांचे टायर आणि पैसे मात्र एकाच वयाचे, हे काही पटले नाही. मालकांनी फारसा वाद न घालता दुसऱ्या दिवशी जोडी बदलून दिली.

स्टिअरिंग पहिल्या दिवसापासून किंचित आळसावले. मधल्या बिंदूपाशी पूर्वीची तरतरी नाही, आणि उंच साइडवॉलची ही किंमत अपेक्षितच होती. उलट द्रुतगती मार्गाच्या काँक्रिटवरचा घरघराट एवढा उतरला की सौ.ने न विचारता दखल घेतली. ताशी १०० च्या काट्यावर जीपीएस पूर्वी ९४ दाखवत असे, आता ९६ दाखवतो, म्हणजे दोन टक्क्यांचा हिशेब तंतोतंत जुळला. तेवढेच ओडोमीटर आता कमी मोजते. तेव्हा यापुढे इंधनाची सरासरी घसरली असे कुणी म्हणण्यापूर्वी हे दोन टक्के आधी मिळवून घ्यावेत.

ओडोमीटर ६४,९०० कि.मी.

टायर सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर चालल्यावर स्प्रिंगकडे वळलो. किती उतरवायचे हा प्रश्न दिसण्याचा कमी आणि गतिरोधकाचा जास्त आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. आपल्या गाडीची पुढची-मागची चाके सुमारे अडीच मीटर अंतरावर असल्याने गाडी त्याच्या माथ्यावर असताना दोन्ही चाकेही त्याच कमानीवर असतात, आणि हिशेब केला तर पोटाखालची जागा जेमतेम ४५ मिलिमीटरने कमी होते. म्हणजे नियमाने बांधलेला गतिरोधक पुष्कळ उतरवलेल्या गाडीलाही त्रास देत नाही. त्रास देतो तो सोसायटीच्या फाटकातला, एका रात्रीत उरलेल्या काँक्रिटने घातलेला उंचवटा. आमच्याकडचा मी पट्टीने मोजला : रुंदी ६० सेंटिमीटर, उंची १३. इथे चाके सपाटीवर आणि सगळा उंचवटा पोटाखाली, त्यामुळे १३ म्हणजे पूर्ण १३ सेंटिमीटर.

माझ्या गाडीच्या पोटाखालची जागा जुन्या टायरवर मी मोजली तेव्हा १६६ मिलिमीटर भरली होती. नव्या टायरने त्यात सहाची भर घातली, १७२. आयबाक किंवा एच अँड आर यांच्यासारख्या जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंग संचांवर लिहिलेली घट युरोपातल्या पोलोच्या उंचीवरून मोजलेली असते, आणि आपल्याकडची पोलो कंपनीने इथल्या रस्त्यांसाठी मुळातच उचलून दिलेली आहे. त्यामुळे कागदावरचे ३० मिलिमीटर आपल्याकडे ३० राहत नाहीत. एका मित्राच्या गाडीवर तसाच संच आहे. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत आधी आणि नंतर मोजले तर पुढे ४४ मिलिमीटरचा फरक निघाला. गाडी झकास दिसते, पण चौघे बसले की आमच्या फाटकात त्यांपैकी दोघांना उतरून चालत यावे लागते. म्हणून मी भारतीय उंचीवरून मोजून ३० मिलिमीटर सांगणारा साधा संच घेतला, आणि हात लागलाच आहे तर चारही शॉकअप व पुढचे वरचे बेअरिंग नवे घेतले. बिलस्टीन कंपनीच्या बी ८ शॉकअपचा मोह झाला होता; ते उतरवलेल्या गाडीसाठीच आखूड केलेले असतात. पण ३० मिलिमीटरपुरते मूळच्या लांबीचे शॉकअप चालतात असे ठरवून तो खर्च टाळला. साठ हजार किलोमीटर चाललेल्या जुन्या शॉकअपवर नवी, कडक स्प्रिंग बसवण्यात मात्र काहीच अर्थ नव्हता. दाबलेली स्प्रिंग उलटून वर येते तेव्हा तिला आवरायचे काम शॉकअपचे, आणि थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग म्हणजे गाडी रस्त्यावर टुणटुण उडत जाते.

‘उतरवले की गाडी वळणावर कमी कलते’ हे आपण सगळेच म्हणतो, आणि ते अर्धेच खरे आहे. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकच खांब. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, पण त्याचबरोबर चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढू लागतो आणि ज्या बिंदूभोवती पुढचा भाग कलतो तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. दोहोंमधले अंतर वाढते, म्हणजे कलवणारी तरफ लांब होते. कलणे कमी होते ते स्प्रिंग कडक असल्यामुळे. केवळ उतरवल्यामुळे नव्हे. माझ्या गाडीचा तो आर्म आता जमिनीला जवळजवळ समांतर आहे, आणि यापुढे एक मिलिमीटरही खाली जायची माझी इच्छा नाही.

ओडोमीटर ६५,२०० कि.मी.

काम भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये, एका शनिवारी झाले. मागचा भाग सोपा आहे : स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्याने शॉकअपचा खालचा बोल्ट काढून मागची दोन्ही चाके जोडणारा बीम खाली सोडला की स्प्रिंग हातात येते. पुढे मात्र स्ट्रट नकलमधून (चाक ज्यावर बसते त्या भागातून) सोडवण्यासाठी नकलची फट पसरवणारे हत्यार लागते. ते नसलेले लोक हातोडा वापरतात, आणि असे लोक दिसले की आपण तिथून निघावे. स्प्रिंग दाबणारा शिकंजाही चांगलाच हवा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, हे काम घरी करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवले आणि डावीकडून ‘टणक’ असा आवाज आला. सरळ रस्त्यावर काही नाही, खड्ड्यात काही नाही, फक्त जागच्या जागी वळवताना. गॅरेजमधून फोनवर ‘नवीन आहे, बसेल हळूहळू’ असे उत्तर मिळाले. मग भाच्याला स्टिअरिंगवर बसवले आणि मी कमानीतून हात घालून तळवा स्प्रिंगवर ठेवला. वळवताना वेटोळे आधी पिळले जात होते आणि मग एकदम झटका देऊन सुटत होते. ते हाताला स्वच्छ जाणवले. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या खाचेत टेकायला हवे होते, ते बोटभर अलीकडेच थांबले होते. सोमवारी स्ट्रट पुन्हा उतरवून टोक जागेवर बसवले आणि आवाज गेला. नव्या कामातला आवाज ‘हळूहळू बसतो’ असे कुणी सांगितले तर आधी आपला तळवा लावून पाहावा.

बसवल्यावर मोजले तेव्हा पुढे ३१ आणि मागे २४ मिलिमीटर उतरली होती. अलाइनमेंट मी मुद्दाम आठवड्याने केले, कारण नवी स्प्रिंग थोडी बसते. पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, उणे अर्ध्या अंशावरून उणे एका अंशाच्या जवळ गेला आहे. टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडला होता, तो जुळवला. मागच्या बीमवर काहीच जुळवता येत नाही, जे आहे ते आहे. उंचीचा फरक हेडलाइटलाही लागतो, म्हणून भिंतीसमोर गाडी उभी करून झोतही नीट केला.

कायद्याविषयी विचारणा होतेच, म्हणून एवढेच लिहितो की मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची, कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे. नोंदणी पुस्तकात स्प्रिंगची उंची लिहिलेली नसते, ही पळवाट मी समजत नाही. टायर आणि स्प्रिंग दोन्ही बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवले आणि पोच जपून ठेवली आहे.

ओडोमीटर ६९,३०० कि.मी.

पावसाळा संपला, ताम्हिणी तीनदा झाला. सगळ्यात मोठा फरक एका वळणातून लगेच उलट्या वळणात जाताना जाणवतो. पूर्वी गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायला क्षणभर घेत असे, तो क्षण आता नाही. टायरने आळसावलेले स्टिअरिंग स्प्रिंगने बरेचसे भरून काढले. रस्त्याच्या सांध्यांवर आणि तुटक्या डांबरावर ताशी ३० च्या आत धक्के नक्कीच जास्त बसतात, मागे बसलेल्या आईंनी दोनदा बोलून दाखवले. ६० च्या पुढे मात्र गाडी पूर्वीपेक्षा शांत आहे. स्प्रिंग आणखी चार मिलिमीटर बसल्यामुळे पोटाखाली आता १३७ उरले आहेत. सोसायटीच्या त्या १३ सेंटिमीटरवरून मी एकटा असताना सात मिलिमीटर राखून जातो. चौघे असताना तिरकी घातली तरी इंजिन ऑइलच्या चेंबरखालचे कवच एकदा खरडलेच.

पुढच्या टायरची नक्षी काल मोजली : आतल्या कडेला ६.५, मध्ये ६.७, बाहेर ६.६ मिलिमीटर. दाब ३३ पीएसआय. आतली कड एवढ्यावर राहिली तर अलाइनमेंट बरोबर आहे असे मानून पुढची तपासणी ७५,००० ला करीन. मागून थंडीत सकाळी येणारा बारीक करकर आवाज बीमच्या बुशचा, म्हणजे रबरी सांध्याचा, आहे असा संशय आहे. ते बुश गाडी चाकांवर टेकलेली असताना घट्ट करायचे असतात, आणि त्या शनिवारी ते लिफ्टवर लोंबकळत असताना आवळले गेले असावेत. येत्या सुट्टीत सैल करून, गाडी जमिनीवर घेऊन पुन्हा आवळणार आहे.