कंटाळून मेलेला नेव्हिल

माझ्या कपाटातली चित्रांची पुस्तकं चाळून झाली की पाहुणे हमखास विचारतात, "ही मुलांची पुस्तकं आहेत की मोठ्यांची?" प्रश्नात थोडी काळजी असते आणि थोडा माझ्याविषयी संशय. साहजिक आहे. त्यात कुणी जिन्यावरून गडगडतं, कुणाला अस्वलं गाठतात.

गोष्टीत मरण आलं की ती मुलांसाठी बाद, हे मला पटत नाही. भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ खाणार असतो म्हणून तर ती गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागते. मी बघते ते एवढंच, की हसण्यात मुलाला वाटा आहे का, की त्याच्या डोक्यावरून मोठी माणसंच एकमेकांना टाळ्या देताहेत.

फ्रँकफुर्टच्या हाइनरिश होफमान या डॉक्टरांना १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी मनासारखं पुस्तक मिळेना. मग त्यांनी कोरी वही आणली आणि स्वतःच लिहून, रंगवून दिली. पुढच्या वर्षी ते छापलं गेलं आणि नंतर 'स्ट्रूवेलपेटर' या नावाने गाजलं. पहिल्या आवृत्तीवर चक्क लिहिलं होतं, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी! आत काय, तर अंगठा चोखणारा कोनराड. आई बाहेर जाते, भलीमोठी कात्री घेऊन शिंपी धावत येतो आणि दोन्ही अंगठे छाटतो. चित्रात रक्ताचे थेंबही आहेत. सूप नको म्हणणारा कास्पार पाचव्या दिवशी मरतो, आणि त्याच्या थडग्यावर सूपचं भांडं. काडेपेटीशी खेळणाऱ्या पाउलीनची राख होते, तिचे बूट तेवढे उरतात आणि शेजारी दोन मांजरी धो धो रडतात. ती मांजरं मला भारी आवडतात. पण तीन वर्षांच्या पोराला त्यातली अतिशयोक्ती कशी कळावी? त्याला कात्री दिसते. (विल्हेल्म बुश यांचे माक्स आणि मोरित्झ, १८६५, गिरणीत दळले जाऊन बदकांच्या पोटात जातात. तिथे मुलं बिनधास्त हसतात, कारण तोवर त्या दोघांनी इतका उच्छाद मांडलेला असतो की सगळाच तमाशा वाटतो.)

एडवर्ड गोरी यांचं 'द गॅशलिक्रम्ब टायनीज' हे १९६३ सालचं प्रकरण वेगळं. दिसायला अक्षरओळखीचं पुस्तक: सव्वीस अक्षरं, सव्वीस मुलं, सव्वीस मरणं. बारीक रेघांनी भरलेली काळी-पांढरी चित्रं, मुखपृष्ठावर मुलांच्या मागे छत्री धरून उभा सांगाडा. होफमानची मुलं निदान काहीतरी वागलेली असतात. गोरींच्या मुलांनी काहीच केलेलं नाही. उपदेशाच्या जुन्या पुस्तकांतून उपदेशच काढून घेतला आणि मरणं तेवढी ठेवली, ही त्यातली मेख. ज्याने ती उपदेशाची पुस्तकं सोसली आहेत त्याला ती कळते आणि हसू फुटतं.

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने ती सोसलेली नाहीत. त्याने आधी आपलं अक्षर शोधलं. सगळी मुलं तेच करतात. त्याचं निघालं एन, म्हणजे नेव्हिल, जो कंटाळून मेला. चित्रात खिडकीतून डोकावणारं एक एवढंसं डोकं, बस्स. "मावशी, कंटाळून मरता येतं?" तेव्हापासून गृहपाठ काढला की त्याचा नेव्हिल होतो. माझी बहीण याचं सगळं श्रेय मला देते.

पाच वर्षांच्या भाचीचं मात्र बेसिलच्या पानावर अडलं. त्याच्या मागून अस्वलं येताहेत आणि त्याला पत्ता नाही. "त्याला सांग ना मागे बघ म्हणून." मी पान उलटलं, तिने परत मागे आणलं. गोरी बहुतेकदा घडण्याआधीचा क्षण काढतात. मोठ्यांना त्यात संयम दिसतो. लहान मुलाला अजून वेळ आहे असं वाटतं, आणि पुस्तक त्याला काहीच करू देत नाही.

तिच भाची जॉन क्लासेनच्या 'आय वॉन्ट माय हॅट बॅक'ला (२०११) खिदळते. अस्वल हरवलेली टोपी शोधत एकेकाला विचारत फिरतं. सशाच्या डोक्यावर लाल टोपी, आणि तो घाईघाईने म्हणतो मी नाही पाहिली, मला विचारू नकोस. अस्वल आभार मानून पुढे जातं! भाची किंचाळते, "अरे, त्याच्या डोक्यावर आहे!" बऱ्याच पानांनी अस्वलाच्या डोक्यात उजेड पडतो. शेवटी टोपी अस्वलाच्या डोक्यावर, ससा गायब, आणि ससा पाहिलास का म्हटल्यावर अस्वलही सशासारखंच घाईघाईने कानांवर हात ठेवतं. खाल्लं, हे चित्रात कुठेच नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं. भाची म्हणते ससा घरी गेला. भाचा माझ्याकडे बघून भुवया उडवतो.

तेव्हा माझ्याकडची व्यवस्था अशी: क्लासेन खालच्या कप्प्यात, हात पोचेल तिथे. गोरी वर, नऊच्या पुढच्यांनी मागितला तर मिळेल. होफमान मीच काढून दाखवते, मांजरांसाठी. आणि समोरचं पोर अंगठा चोखत असेल तर कोनराडची पानं सरळ चिमटीत धरून उलटते.