तीन गळे, एक गंधार : काउबॉय हार्मनीच्या वहीतून

गेल्या रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास 'टम्बलिंग टम्बलवीड्स'मधली एक ओळ आमच्या तिघांच्या गळ्यातून नीट उभी राहिली. जेमतेम चार सेकंद. पंखा बंद होता, खिडक्या लावलेल्या होत्या, घामानं सगळे निथळत होतो. त्या चार सेकंदांत खोलीत तिघांपेक्षा जास्त माणसं गात असल्यासारखं वाटलं. पुढच्या ओळीला बहिणीचा सूर चढला आणि सगळं विस्कटलं. पण तेवढं मिळालं, म्हणून आज वही उघडून बसलोय.

जे पहिल्यांदा वाचताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात : 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या अमेरिकन गटाची 1934 ते 1941 या काळातली तीन गाणी फक्त कानानं ऐकून, त्यांतल्या आवाजांच्या वेगवेगळ्या ओळी शोधून, त्या स्वतः गायच्या असं आम्ही ठरवलंय. छापील नोटेशन बघायचं नाही. आम्ही तिघं. मी मधली ओळ गातो. ऑफिसातला माझा मित्र वसईचा आहे, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गातो, खालची ओळ त्याची. वरची ओळ माझ्या धाकट्या बहिणीची. तिचं आठ वर्षं शास्त्रीय शिक्षण झालंय. ती सगळ्यांत सुरेल आहे आणि या कामात सगळ्यांत जास्त त्रासही तिलाच झाला.

या गटाशी माझी ओळख एका चित्रपटामुळे झाली. जॉन फोर्डचा 1956 सालचा 'द सर्चर्स' एका फिल्म क्लबात पाहिला. शीर्षकगीत सुरू झालं आणि मला पडद्यापेक्षा त्या आवाजांचंच जास्त पडलं. घरी येऊन शोधत मागे मागे गेलो तो थेट 1934 पर्यंत पोहोचलो.

हे तिघं कोण होते

काउबॉय गाणी म्हटल्यावर घोड्यावर बसलेला, जन्मानं टेक्सासचा माणूस डोळ्यापुढे येतो. मूळ त्रिकुटात तसा एकही नव्हता. लेन स्लाय ओहायोतल्या सिनसिनाटीचा, बुटांच्या कारखान्यात काम केलेला. हाच पुढे रॉय रॉजर्स या नावानं पडद्यावर गाजला. टिम स्पेन्सर मिसुरीचा, लॉस एंजेलिसला गोदामात काम करायचा. बॉब नोलन तर जन्मानं कॅनडातल्या विनिपेगचा. तो वडिलांकडे ॲरिझोनातल्या टूसॉनला आला तेव्हा त्याचं अजून शाळेचं वय होतं, आणि वाळवंट त्याच्या आयुष्यात तिथं आलं. माझ्या मते या सगळ्या गाण्यांचं मूळ त्या मुलाच्या नजरेत आहे. लहानपण जंगल-बर्फाच्या मुलखात घालवलेल्या मुलानं अचानक पाहिलेली ती कोरडी, उघडी जमीन. जन्मापासून तिथं राहिलेल्याला ती इतकी विलक्षण वाटली नसती.

1933 च्या सुमारास हे तिघं हॉलिवूडमधल्या एका बोर्डिंग हाऊसमध्ये राहून तासन्‌तास एकत्र गायचे. नाव होतं 'पायोनियर ट्रायो'. मग फिडल (व्हायोलिन) वाजवणारा आणि खर्जात गाणारा ह्यू फार आला, तेव्हा तिघांचे चार झाले. केएफडब्ल्यूबी रेडिओच्या निवेदकानं एकदा त्यांचं नाव परस्परच 'सन्स ऑफ द पायोनियर्स' असं सांगितलं. हे विचारायला गेले तर म्हणाला, पायोनियर म्हणायला तुम्ही फारच कोवळे आहात. तेच नाव राहिलं. ह्यूचा भाऊ कार्ल गिटार घेऊन 1935 मध्ये आला. हे दोघं मात्र खरोखर टेक्सासचे.

खरे गुराखी असं तीन-चार आवाजांत गात नसत, हेही सांगायला हवं. टेक्सासहून उत्तरेला रेल्वेपर्यंत गुरं हाकत नेण्याचा काळ साधारण 1860 ते 1880 च्या दशकांचा. रात्रपाळीचा गुराखी कळपाभोवती घोडा फिरवत हळू आवाजात गायचा, कारण ओळखीचा आवाज कानावर पडत राहिला की गुरं बिथरत नाहीत. गाणारा एकटा, साथीला वाद्य नाही. आपल्याकडे मोट हाकणारा बैलांना ऐकवत गायचा, त्याच्याच जवळचं काहीतरी. त्या एकट्या गाण्याला रेडिओच्या काळात, शहरात बसून तीन आवाज या मुलांनी दिले. काही जण याला खोटेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. मोकळ्या माळावर एक आवाज कसा पोहोचतो हे मायक्रोफोनपुढे उभं राहून ऐकवायचं, तर तीन आवाजांना एक व्हावं लागतं. ते त्यांनी केलं.

पहिले दोन महिने : माझ्या ओळीला चालच नाही

आपले कान एकाच चालीच्या मागे जायला तयार झालेले असतात. रेकॉर्ड लावली की मला मुख्य चाल ऐकू यायची, बाकी सगळं तिच्याभोवतीचं धुकं. मी सॉफ्टवेअरमध्ये सूर न बदलता वेग निम्म्यावर आणला, दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून फिरवत बसलो. गाण्यातून वाद्यं आणि गळे वेगळे करणारी हल्लीची साधनंही वापरून पाहिली. फिडल-गिटार बाजूला निघाले, पण तीन गळ्यांचा एकच गठ्ठा हाती आला. तो काही सुटेना. त्या रात्री मी खरं तर खूश झालो. ज्यांचे आवाज यंत्रालाही सुटे करता येत नाहीत, ते किती जवळ उभे राहून गायले असतील!

शेवटी ओळी मिळाल्या त्या वसईकरामुळे. त्याचा कान आधी खाली जातो, मग वर. त्यानं तळाची ओळ गुणगुणून दाखवली, मग उरलेल्यातून मी मधली काढली. बहिणीची वरची ओळ लिहून झाली तेव्हा ती गाऊन बघून वैतागली.

"दादा, हिला चालच नाहीये. एकाच सुरावर बसून राहायचं, मग उगाच अर्धा सूर खाली. हे काय गाणं आहे?"

वसईकर हसला नाही. म्हणाला, "आमच्या क्वायरमध्ये नवीन मुली हेच बोलतात. तुझी ओळ एकटी ऐकू नकोस. आमच्या दोघांच्या अंगाला लावून ऐक."

तिला ते पटायला तीन आठवडे लागले. पट्टी बदलली हेही उपयोगी पडलं. पुरुषांच्या वरच्या ओळी तिला खालच्या पडत होत्या, म्हणून सगळं दोन स्वरांनी चढवलं. त्यामुळे वसईकराचा आवाजही मोकळा झाला.

पेटी बंद करून ठेवली

हा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण हार्मनी करू पाहणाऱ्या बाकीच्यांनाही तो लागेल.

जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांचं डिजिटल रूप करताना वेग थोडा इकडेतिकडे झाला की सूरही हलतो. आमच्याकडची फाईल तानपुऱ्याच्या ॲपशी जुळेना, वीसेक सेंट वर होती (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). ती आधी खाली आणली. तरीही एक गोष्ट खटकत राहिली. मी पेटीवर सा-ग-प धरायचो आणि तिघांना त्यावर गायला लावायचो. सूर बरोबर असूनही ते रेकॉर्डसारखं वाजत नव्हतं. सपाट, कोरडं.

एका रविवारी बहिणीनं न विचारता पेटीचा भाता बंद केला आणि नुसता तानपुरा लावला. "आता याच्यातला गंधार ऐका आणि तो गा." तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार, तोच. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर समान अंतरावर लावलेल्या पेटीचा गंधार 400 वर बसतो आणि स्वयंभू गंधार साधारण 386 वर. फरक 14 सेंटचा. एकट्यानं गाताना तो कदाचित जाणवणार नाही. तीन गळे एकत्र लागले की तोच फरक आवाज मिटवतो किंवा उजळवतो. तो गंधार बरोबर बसला की तिघांचे वरचे उपस्वर एकमेकांवर येऊन पडतात आणि कोणीच गात नसलेला एक सूर ऐकू येतो.

आम्ही तो गंधार लावला, आणि रेकॉर्डमधला उजेड पहिल्यांदा आमच्या खोलीत आला. इतकी वर्षं झाली तरी ही गाणी जुनी का वाटत नाहीत, याचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे. सूर असे एकमेकांत बसले की त्यांना काळ लागू होत नाही. तबकडीवर खरखर आहे, आवाजाचा पट्टा अरुंद आहे, पण तो गंधार 1934 मध्ये बसला तो अजून बसलेलाच आहे.

8 ऑगस्ट 1934 रोजी लॉस एंजेलिसमध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी त्यांनी पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं, त्यात 'टम्बलिंग टम्बलवीड्स' होतं. त्या काळी मेणाच्या तबकडीवर सरळ कोरलं जायचं. जोड नाही, कापाकापी नाही. तीन मिनिटांत कोणाचाही सूर हलला तर नवीन मेण घेऊन पुन्हा पहिल्यापासून. हे डोक्यात ठेवून ते गाणं पुन्हा ऐका.

(जाता जाता : त्या तबकड्यांमध्ये लाख असायची, आणि जगभरच्या रेकॉर्ड कारखान्यांना लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. म्हणजे काउबॉयच्या गाण्याखाली आपल्याकडच्या पळस-कुसुंबावरची लाख असण्याची शक्यता भरपूर. मला हा विचार फार आवडतो.)

मींड

आणखी एक गोष्ट बहिणीनं ओळखली. हे लोक एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाहीत, घसरत जातात. आणि तिघं एकाच वेगानं घसरतात. तिनं त्याला सरळ मींड म्हटलं. एकाला मींड घेता येते, तिघांनी समांतर घेणं ही वेगळीच कसोटी. आमची सध्या तिथंच गाडी अडली आहे. वसईकर लवकर पोहोचतो, मी उशिरा. उपाय म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघून गातोय. श्वास एकत्र घेतला तर निम्मं काम होतं.

'टम्बलवीड्स' मुळात गळणाऱ्या पानांवरचं गाणं होतं. नोलन तेव्हा गोल्फ मैदानावर कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचं, काम करायचा. पावसा-वाऱ्याच्या दिवशी काम नव्हतं, खिडकीतून उडणारी पानं पाहून त्यानं ते लिहिलं. पानांच्या जागी पुढे टम्बलवीड आलं. हे वाळून मुळापासून तुटणारं आणि वाऱ्यानं गडगडत जाणारं झुडूप. गंमत म्हणजे तेही मूळचं तिथलं नाही, 1870 च्या दशकात रशियाकडून आलेल्या जवसाच्या बियाण्यात मिसळून साउथ डकोटात पोहोचलं. कोकणच्या किनाऱ्यावर रावणाच्या मिशा वाऱ्याबरोबर वाळूत पळताना ज्यांनी पाहिल्यात, त्यांना त्या मींडेतली चाल लगेच कळेल. मी बहिणीला तेच सांगितलं. अडखळायचं नाही, टेकत टेकत जायचं.

'कूल वॉटर' : या महिन्यापासून

हे नोलनचंच गाणं, 1941 सालचं डेक्काचं रेकॉर्डिंग आम्ही धरलंय. वाळवंटात एक माणूस आणि त्याचं खेचर, दोघांनाही पाणी नाही, समोर मृगजळ. मुख्य आवाज एकाचा, आणि 'वॉटर' हा शब्द आला की दुसरा आवाज लांबून तोच शब्द परत देतो. तो प्रतिध्वनी म्हणजेच मृगजळ. गाण्यात मृगजळ कसं दाखवावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पहिल्या प्रयत्नात आमचे तीन 'ट' तीन वेळी पडले. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर टकटक वाजत होतं. आता ठरवलंय की 'ट' फक्त वसईकरानं उच्चारायचा, आम्ही दोघांनी स्वर नुसता धरून ठेवायचा. क्वायरची जुनी युक्ती आहे म्हणे. लागू पडतेय.

या रेकॉर्डिंगपर्यंत लेन स्लाय सिनेमात गेला होता आणि लॉइड पेरिमन गटात आला होता, 1936 मध्ये. तो 1977 साली मरेपर्यंत, म्हणजे 41 वर्षं, गटात राहिला. युद्धाच्या काळात सैन्यात गेला तेवढाच खंड. कोणतीही ओळ त्याला गाता यायची. माणसं बदलली तरी गटाचा आवाज टिकला, त्याचं बरंचसं श्रेय मी पेरिमनला देतो. 1945 नंतरच्या, आरसीए व्हिक्टर या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या काळातलं काही मला आवडतं, पण ऑर्केस्ट्रा आला की गळ्यांमधली हवा कमी होते. मी पुन्हा पुन्हा डेक्काकडे आणि रेडिओसाठीच्या 16 इंची ट्रान्स्क्रिप्शन तबकड्यांवरून आलेल्या गाण्यांकडेच वळतो.

आमच्यात एक जागा रिकामी आहे : ह्यू फारचा खर्ज. वसईकर तिथवर उतरत नाही. कोणाच्या ओळखीत ठाणे-वसईच्या बाजूचा, खालच्या 'सा'पर्यंत आरामात जाणारा आणि रविवारी रात्री मोकळा असणारा गाणारा असेल तर जरूर कळवा. चहा आमच्याकडे.

तोवर रविवारची ती फाईल मी पंधरा वेळा ऐकली आहे. बहिणीला पाठवली तर तिचा निरोप आला : "दुसऱ्या ओळीत मी चढले. उद्या लवकर ये, तानपुरा मी लावून ठेवते."