गोमुखाला निघण्याआधी सीताखाई बघून जा

सप्टेंबरअखेर शहाद्याहून आम्ही सहा जण गोमुखाला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी, जाऊन आलो. त्याआधी श्रावणात तोरणमाळला गेलो होतो, आणि तेच कामी आलं. तिथल्या सीताखाई या दरीच्या कड्यावरून खाली बघा. दोन्ही उतार पार तळाशी एका चिंचोळ्या रेघेत मिळतात. पाणी तळच कापत जातं, म्हणून दरी ‘व्ही’ आकाराची. ते रूप डोळ्यांत साठवून मग हिमालयात जा.

गंगोत्री ते गोमुख १८ किलोमीटर, सगळं पायी. चिरबासा मागे पडलं की दरी ऐसपैस होते, आणि भोजबासाला तर काठवटीसारखी दिसते: तळ पसरट, कडे उभे. बर्फाची नदी दरीच्या सगळ्या रुंदीला घासत उतरते, म्हणून हा ‘यू’. शाळेत ही आकृती कितीदा काढली असेल, पण तिच्या आत उभं राहिल्यावर मी गप्पच झालो.

कडेने दगडमातीचा लांबच लांब बांध दिसतो, तो हिमोढ. तापी आपले गोटे घोळून गुळगुळीत करते, वाळू वेगळी, गोटे वेगळे लावते. इथे खोलीएवढा धोंडा आणि भुकटी एकाच ढिगात. बर्फ काही निवडत बसत नाही. वितळला की असेल ते तिथेच टाकतो. एक दगड उचलून पाहिला, तर एका सपाट अंगावर ओळीने ओरखडे, खिळ्याने ओढल्यासारखे.

“पानी इतलं धवयं कसं शे?” वहिनींनी विचारलं, पाणी इतकं पांढरं कसं म्हणून. बाटली भरून रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी राखाडी, मऊ साका. बर्फाखाली दळलेल्या दगडाचं पीठ ते! समोर ६,५४३ मीटरचं शिवलिंग. हिमगव्हरांनी, म्हणजे बर्फाने डोंगरात कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांनी, चहूबाजूंनी कोरून उरलेलं टोकदार गिरिशृंग कसं असतं, ते तिथे कळतं.

आता जाणाऱ्यांसाठी. भुसावळहून दिल्ली, पुढे हरिद्वार, उत्तरकाशी. वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० जणांनाच मिळतो, तेव्हा तो आधी काढा. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर, गंगोत्री ३,००० च्या वर. तिथे एक पूर्ण दिवस थांबाच. आम्ही थांबलो नाही, आणि काकांचं डोकं रात्रभर ठणकत होतं. भोजबासाला मुक्काम करा. चिरबासा-भोजबासा टप्प्यात दगड घरंगळतात, तिथे फोटोसाठी रेंगाळू नका. पहाटे निघा, दुपारनंतर वारा सोसत नाही.

आणि गोमुखाच्या कमानीजवळ अजिबात जाऊ नका, पाणी भरायलासुद्धा नाही. आम्ही लांब बसलो होतो, तरी बर्फाचा कडा तुटल्याचा आवाज छातीत घुमला.