बारशाला नाव सांगणारी आत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस

आमच्या याद्यांची बैठक नाशिकला आमच्या घरी झाली, तेव्हा दोन्हीकडची मिळून जेमतेम १४ माणसे होती. बाकीच्यांना संध्याकाळी निवांत फोन करायचे, असे आईने ठरवले होते. परंतु माझी ओटी भरली जात असतानाचा फोटो मावसबहिणीने तिथल्या तिथे स्टेटसला ठेवला, तो अकोल्याला आत्याच्या सुनेने पाहिला आणि चार वाजता आत्याचा फोन आला. ‘‘बारशाला हिच्या कानात नाव मी सांगितलं, आणि हिचं लग्न ठरल्याचं मला सुनेच्या मोबाइलवर बघावं लागतं होय?’’ एवढे बोलून तिने फोन ठेवला. स्टेटस २४ तासांनी आपोआप नाहीसे होते; आत्याचा राग साखरपुड्यापर्यंत टिकला.

मावसबहिणीला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण ‘अजून कुठे टाकू नका’ असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. पहिली पत्रिका गणपतीपुढे, दुसरी कुलदैवतापुढे आणि मग मामा, आत्या व मानाची घरे, हा क्रम आमच्या दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, तो अक्षता घेऊन प्रत्येक दारी कोणाला तरी जावेच लागत होते म्हणून. फोनवर मात्र आत्याला आणि माझ्या जुन्या घरमालकांना बातमी एकाच क्षणी कळते. क्रम राखायचा तर तो आता मला आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्यालाच राखावा लागणार होता.

त्या रात्री आम्ही फोनवर बसून नावांची यादी केली. ज्यांना आवाजातूनच कळायला हवे अशी त्याच्याकडची २३ आणि माझ्याकडची ३१ घरे निघाली. ते सगळे फोन होईपर्यंत साखरपुड्याचा एकही फोटो कोणी बाहेर टाकायचा नाही, हे दोन्हीकडच्या भावंडांना आम्ही स्वतः सांगितले. इन्स्टाग्रामवर कोणी आम्हाला टॅग केले तर आमच्या मंजुरीवाचून ते आमच्या पानावर दिसू नये, अशी सोयही करून ठेवली. जुन्या फोटोंचे काय करायचे, हा प्रश्न त्याने विचारला आणि मीही विचारला. ते उत्तर आमच्यातच राहू द्यावे.

सर्वांत अवघड गेली ती केळवणे. पहिल्या केळवणाला काकूने ताटाभोवती रांगोळी आणि फुलांची महिरप काढली होती. तो फोटो मी हौसेने टाकला. दुसरे केळवण त्याच्या थोरल्या मावशींकडे साताऱ्याला झाले. दिवसभर उभे राहून त्यांनी पुरणपोळ्या केल्या होत्या, पण जेवताना फोटो काढायचे आम्हाला सुचलेच नाही. चार दिवसांनी सासूबाईंच्या बोलण्यातून कळले की, मावशी रोज सुनेला विचारत होत्या, ‘‘आपला फोटो आला का गं?’’ टाकायचे तर प्रत्येक घराचे, नाहीतर कोणाचेच नाही, हे तेव्हा उमगले. पहिला फोटो मी काढून टाकला आणि पुढच्या प्रत्येक केळवणाचे फोटो फक्त त्या त्या घरालाच पाठवले. शिवाय ऑफिसातल्या ज्यांना लग्नाला बोलावणे शक्य नव्हते, त्यांच्यापुढे रोज एक भरलेले ताट मांडणेही बरे दिसत नव्हते.

पत्रिका आम्ही उघड कुठेच टाकली नाही. तीत घरचा पत्ता असतो, दोन-तीन मोबाइल नंबर असतात आणि कोणत्या दिवशी घराला कुलूप असेल तेही छापलेले असते. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) पाठवून फोन ताब्यात घेण्याची फसवणूक होते, म्हणून प्रत्येकाला साधे चित्र पाठवले आणि सोबत त्याचे नाव घालून दोन ओळी लिहिल्या. (कोणी फसलेच, तर १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक आहे.) वेळ वाचवायला सासऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, केली होती. तीत एका वेळी २५६ जण बसतात खरे, पण ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला नसतो त्यांना तो संदेश पोहोचतच नाही. सासऱ्यांचे निवृत्त सहकारी असेच सुटले आणि पुन्हा फोन करावे लागले.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना त्याचे चुलत आजोबा गेले. घरात सुतक होते आणि त्याच रात्री मित्रांनी संगीताच्या सरावाचा व्हिडिओ टाकला, कारण त्यांनाही कोणी कळवले नव्हते. आजीजवळ बसलेल्या नातेवाइकांनी तो पाहिला. त्याने अर्ध्या तासात तो काढायला लावला, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन माफी मागितली आणि पुढचे दहा दिवस आम्ही काहीही टाकले नाही. त्यानंतर काय टाकायचे, कधी थांबायचे, हे सर्वांना कळवण्यासाठी दोन्हीकडून एकेक माणूस नेमला. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

फोटोग्राफरशी ठरवताना आमच्या होकाराशिवाय एकही फोटो त्यांच्या पानावर जाणार नाही, हे लेखी घेतले. अंतरपाट धरल्यावर मोबाइल घेऊन पुढे येऊ नये, अशी विनंती मंगलाष्टकांपूर्वी गुरुजींनीच केली. निम्म्या लोकांनी ती ऐकली.

अक्षता पडल्यावर पहिला फोटो मी आत्याला पाठवला आणि सांगितले, ‘‘आत्या, आधी तू ठेव.’’ तिने सुनेकडून तो लगेच स्टेटसला लावून घेतला. जागेत बसवताना त्यात आईचा अर्धा चेहरा कापला गेला आहे. आई त्याबद्दल अजून काही बोललेली नाही.