“पाय हलव” म्हणजे नेमकं कधी? टेनिसच्या पायांशी झगडताना आलेला अनुभव

“पाय हलव, पाय हलव” असं कोर्टाबाहेरून कितीही ओरडलं तरी पाय सुधारत नाहीत. कधी हलवायचे, हे मला बराच काळ कुणी सांगितलं नाही, आणि त्याचा राग अजून जात नाही. पकड, खांदे वळवणं ही कामं सरावाने जमतात. घोडं अडतं स्प्लिट स्टेपपाशी, म्हणजे समोरचा फटका मारत असताना आपण जागेवर मारायच्या छोट्या उडीपाशी.

ही उडी उंच नसते. पाय जमिनीपासून चार बोटं सुटले तरी पुष्कळ. समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागली की उडायचं. त्याच्या तारांना चेंडू लागतो तेव्हा आपण हवेत असायला हवं आणि चेंडूची दिशा कळताकळता चवड्यांवर उतरायला हवं. लवकर उतरलं तर पाय पुन्हा जड होतात. उशीर झाला तर चेंडू निघालेला असतो आणि आपण वरच. दोन्ही चुकांचा परिणाम एकच: अंग मागे झुकतं, फटका उशिरा बसतो, चेंडू जाळीत. मग सगळे हात दुरुस्त करत बसतात, दोष मात्र पायांत असतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. दुसऱ्यांची रॅली चालू असताना कुंपणाजवळ रॅकेटशिवाय उभं राहा आणि एकाच खेळाडूच्या प्रत्येक फटक्याला फक्त ही उडी मारा. रोज दहा मिनिटं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं की चूक लगेच दिसते.

उतरताना पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले. कबड्डीतल्या बचावपटूचा पवित्रा डोळ्यांपुढे आणा.

चेंडूजवळची शेवटची तीन-चार पावलं लहानच हवीत. फटका मारून क्षणभर तिथेच थांबून पाहा. तोल गेला, तर बहुतेक वेळा शेवटचं पाऊल लांब पडलेलं असतं.

साताऱ्यात अनेकांचा भरवसा अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर. तिने दम वाढतो, मांड्या भरतात, पण आडवी पावलं सुधारत नाहीत. त्यासाठी सिंगल्सच्या दोन रेघांमधल्या 8.23 मीटरमध्येच, जाळीकडे तोंड ठेवून आडवं पळा: 20 सेकंद पळणं, 40 सेकंद विश्रांती, सहा वेळा.

क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टाच्या तिरक्या दिशेने फटका, मारल्यावर थेट मधल्या खुणेवर परतू नका. जिथून मारलात त्या बाजूला एखादं पाऊल अलीकडेच थांबा, कारण उलट येणारा क्रॉसकोर्ट तिकडेच जास्त बाहेर जातो.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: धावण्याचे बूट घालून यातलं काहीही करू नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, आडव्या थांब्याला घोटा मुरगळतो.